पटलावरचा पीळ

“सर, एका पेशीच्या दोन होताना आतलं सांडत कसं नाही?”

अकरावीच्या वर्गात एका मुलीने हा प्रश्न विचारला तेव्हा फळ्यावर तीन चित्रे होती. पहिल्यात एक गोल, दुसऱ्यात कमरेत आवळलेला गोल, तिसऱ्यात दोन गोल. पेशीविभाजन शिकवताना ही चित्रे मी वर्षानुवर्षे काढत आलो होतो. दुसऱ्या चित्रातून तिसऱ्यात कसे जायचे, हे पाठ्यपुस्तकात नव्हते आणि मलाही सांगता आले नाही. पाण्याने भरलेला फुगा मधोमध कापायचा आणि थेंबही न सांडता दोन भरलेले फुगे करायचे, असे ते काम आहे. ‘शोधून सांगतो’ म्हणालो. शोधायला वेळ लागला, कारण या प्रश्नाचे बरेचसे उत्तर जगालाच गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हळूहळू मिळत गेले आहे. ती मुलगी पुढे पुण्याला शिकायला गेली, याच विषयात रमली, आणि आता तिने मराठीत लिहिलेल्या लेखांचे हे पुस्तक माझ्यापुढे आहे. प्रस्तावना सरांनीच लिहायची, हा तिचा हट्ट. मी या विषयाचा तज्ज्ञ नाही. पण निवृत्तीनंतर ज्याने तो अ-आ-इ पासून समजून घेतला, अशा वाचकाला जे दिसले ते इथे मांडतो.

सुरुवात रिओच्या पानापासून करू. अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकात हे पान सगळ्यांच्या हाताखालून गेलेले असते. पान तिरके फाडायचे, खालच्या बाजूची जांभळी साल पापुद्र्यासारखी सोलायची, काचपट्टीवर ठेवायची आणि मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा. मायक्रोस्कोपखाली जांभळ्या फरशा बसवल्यासारख्या पेशी दिसतात. दोन-तीन मिनिटांत प्रत्येक फरशीतला जांभळा रंग भिंतीपासून सुटून आत सरकू लागतो आणि मध्ये एक गोळा उरतो. मग साधे पाणी सोडले की तो गोळा पुन्हा फुगत भिंतीला टेकतो. त्या गोळ्याची कड ज्याने धरून ठेवली आहे ते पेशीपटल. आपल्याला दिसते ती रंगाची सीमा, पटल दिसत नाही. त्याची जाडी जेमतेम पाच नॅनोमीटर असते. आपल्या केसाच्या जाडीत अशी पंधरा-वीस हजार पटले एकावर एक रचता येतील.

१९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतला मेद काढून पाण्यावर पसरला आणि मोजला. तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरला. म्हणजे पटल हा मेदरेणूंचा दुहेरी थर आहे. त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या आणि त्या एकमेकींना खोडून गेल्या, हे नंतर कळले. निष्कर्ष मात्र टिकला. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी हा थर पातळ द्रवासारखा वाहता असतो आणि त्यात प्रथिने तरंगत असतात, असे चित्र मांडले. पुढच्याच वर्षी जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हेल्फ्रिख यांनी हे पटल वाकवायला किती ऊर्जा लागते, याचा हिशेब दिला. त्या हिशेबातली एक गोष्ट मला अजून चकित करते: पटलाचा बंद गोळा करायला लागणारा वाकवण्याचा खर्च गोळ्याच्या आकारावर अवलंबून नसतो. मोठा गोळा असो की इवलासा, खर्च तोच, आणि तो पाण्याच्या रेणूंच्या आपोआप चालणाऱ्या धडपडीतून भागण्यासारखा नाही. पटल स्वतःहून फाटत नाही, थोडेसे फाटले तर स्वतःहून सांधते. पण स्वतःहून बारीक मानेचा फुगवटा काढून तो तोडून देईल, हे त्याच्याने होत नाही. त्यासाठी कोणीतरी राबावे लागते.

पेशीत हे राबणे तंतूंकडे आहे. या पुस्तकाचा विषय तोच: प्रथिनांचे सुटे रेणू पटलावर येऊन एकमेकांना जुळतात, त्यांचा तंतू होतो, तो तंतू पटलाला वाकवतो, आवळतो, तोडतो आणि मग पुन्हा सुट्या रेणूंत विखरून जातो.

आमच्या बीडकडच्या माणसाला हे समजायला लांब जावे लागत नाही. दसरा-दिवाळीनंतर गावे अर्धी होतात. कोयत्याची जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे जातात. काही इथल्याच, तेलगावच्या कारखान्याच्या उसावर असतात. तोडलेला ऊस सरीत आडवा पडलेला असतो. त्याची मोळी बांधायला कोणी दोरी विकत आणत नाही. उसाच्याच शेंड्याची हिरवी वाढी घेतात, दोन्ही हातांनी त्यांना पीळ देतात, तो पीळ उसाखालून घालतात, गुडघा रोवून मोळी दाबतात आणि टोके एकमेकांत मुरडून खोचतात. बाईला हे काम करताना पाहिले तर हात किती भरभर चालतात ते कळते. नजर पुढच्या मोळीवर गेलेली असते. दोरी जागेवर तयार होते, पडलेल्या मालातून तयार होते, हव्या त्या जाडीवर बसते. आणि तिचे आयुष्य कारखान्याच्या गव्हाणीपर्यंतच. तिथे मोळी मोकळी झाली पाहिजे, नाहीतर गळीत अडते. बांधणे आणि सोडणे ही दोन्ही कामे सारख्याच मोलाची आहेत, हे फडावरच्या माणसाला सांगावे लागत नाही. जीवशास्त्राला ते समजायला बराच वेळ लागला. या पुस्तकातून मी जर एकच गोष्ट घेतली असेल तर ती ही: तंतू जुळणे हे अर्धे काम, तंतू सुटणे हे उरलेले अर्धे. आणि आजार बहुधा दुसऱ्या अर्ध्यात लपलेला असतो.

या क्षेत्राचा इतिहास सरळ रेषेत गेलेला नाही. मायक्रोस्कोपवाले, माश्या आणि यीस्ट पाळणारे, परीक्षानळीत सगळे पुन्हा जुळवून पाहणारे आणि गणित मांडणारे, अशी चार घराणी वेगवेगळी वाढली आणि बऱ्याच उशिरा त्यांची ओळख झाली. पहिले घराणे मायक्रोस्कोपचे. १९६४ मध्ये रॉथ आणि पोर्टर यांनी एडिस इजिप्ती डासाच्या मादीची अंडी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिली. डेंग्यू पसरवतो तोच हा डास. अंड्याच्या पृष्ठभागावर असंख्य खळगे होते, आतून केसाळ अस्तर लावल्यासारखे, आणि त्यांतून पिवळा बलक आत ओढला जात होता. १९७५-७६ मध्ये बार्बरा पिअर्स यांनी ते अस्तर वेगळे काढले आणि त्या प्रथिनाला क्लॅथ्रिन हे नाव दिले. क्लॅथ्रिन तंतू नाही, जाळी आहे, दुरडीसारखी विणलेली. ती खळग्याला आकार देते. पण दुरडी कितीही गोल विणली तरी ती पटलापासून तोडून कोण देते, हा प्रश्न उरलाच.

त्याचे उत्तर लुळ्या पडणाऱ्या माशीने दिले. ही हकीकत मी थोडी सविस्तर सांगतो, कारण तिचा एक धागा मुंबईत आहे.

१९७३ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर इथे डेव्हिड सुझुकी यांच्या गटाला फळमाशीचा एक वाण सापडला. या माश्या एरवी धडधाकट. २९ अंशांवर नेल्या की मिनिटा-दोन मिनिटांत लुळ्या पडत; थंडाव्यात आणल्या की उठून उडत. बीड जिल्ह्यात २९ अंश म्हणजे हिवाळ्यातली दुपार. या वाणाला त्यांनी ‘शिबिरे’ म्हटले. बधिर होणे या अर्थाच्या जपानी शब्दावरून हे नाव आले. पुढच्या दशकात कोसाका आणि इकेडा यांनी अशा माशीच्या मज्जातंतूंची टोके पाहिली. एका मज्जापेशीने दुसऱ्या पेशीला संदेश द्यायचा तर टोकाशी साठवलेल्या पिटुकल्या पिशव्या रिकाम्या कराव्या लागतात आणि त्यांचे पटल परत आत ओढून नव्या पिशव्या कराव्या लागतात. शिबिरे माशीत परत ओढणे सुरू व्हायचे, पण पुरे व्हायचे नाही. खळगे लांब माना काढून तसेच लोंबकळत राहिले होते आणि प्रत्येक मानेभोवती एक गडद कडे दिसत होते. गळपट्टा घातल्यासारखे. पिशव्या संपल्या, संदेश थांबला, माशी पडली.

ते कडे कशाचे? १९८९ मध्ये अमेरिकेत श्पेटनर आणि व्हॅली यांनी गायीच्या मेंदूतून डायनॅमिन नावाचे प्रथिन वेगळे केले होते, ते भलत्याच कामाचे समजून. १९९१ मध्ये शिबिरे जनुक वाचले गेले आणि ते डायनॅमिनचेच निघाले. १९९५ मध्ये हिन्शॉ आणि श्मिड यांनी दाखवले की शुद्ध डायनॅमिन स्वतःहून जुळून कडी आणि वेटोळी करते. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने मज्जापेशीच्या टोकांतून निघालेल्या पटलाच्या नळ्यांवर हीच वेटोळी गुंडाळलेली दाखवली. दोन घराणी, माश्यांचे आणि मायक्रोस्कोपचे, त्या वर्षी एका पंगतीला बसली.

मुंबईतला धागा असा. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा गट उभा केला. १९७६ मध्ये त्यांनी आणि सीमोर बेंझर यांनी तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या मज्जासंस्थेत काय बिघडते यावर लिहिले. त्याच संस्थेत के. एस. कृष्णन यांनी अशा माश्यांचा ध्यास घेतला. डायनॅमिनला पीळ आवळायला जीटीपी नावाचे इंधन लागते. ते इंधन जागेवर पुरवणारे एक प्रथिन आहे आणि ते कमी पडले की शिबिरे माशीचा लुळेपणा वाढतो, असे कृष्णन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले. मज्जापेशीच्या टोकाशी इंधनाचा पंप कुठे आहे ते कुलाब्यातल्या बाटल्यांमध्ये वाढवलेल्या माश्यांनी सांगितले. शाळेत शिकवताना हे मला ठाऊक असते तर मी तो धडा वेगळ्या आवाजात शिकवला असता.

तिसरे घराणे परीक्षानळीवाल्यांचे, आणि माझ्या मते या विषयातले सगळ्यांत देखणे काम त्यांचे आहे. जिवंत पेशीत हजारो प्रथिने एकाच वेळी राबत असतात. कोणाच्या हातून काय झाले ते ठरवणे अवघड. म्हणून हे लोक पेशी बाजूलाच ठेवतात. शुद्ध मेद, शुद्ध प्रथिन, इंधन आणि पाणी एवढेच घ्यायचे आणि काम होते का ते पाहायचे. पुण्यात पाषाणला आयसर ही संस्था २००६ मध्ये सुरू झाली. तिथे थॉमस पुकाडिल यांच्या प्रयोगशाळेने याची एक सुटसुटीत रीत बसवली. काचेच्या तुकड्यावर मऊ लेप द्यायचा, त्यावर मेद वाळवायचा, पाण्याने भिजवायचा आणि मग द्रव हलकेच वाहता करायचा. वाहत्या द्रवाबरोबर मेदाच्या सरळ, बारीक नळ्या ओढल्या जातात, एकीशेजारी एक, वाळत घातलेल्या शेवयांसारख्या. मेदात चमकणारा रंग मिसळलेला असतो, म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर उजळ रेघा दिसतात. डायनॅमिन सोडले की रेघेवर जागोजागी ठिपके बसतात: ही वेटोळी. मग जीटीपी सोडायचे. ठिपक्याखालची रेघ बारीक होते, फिकी पडते आणि तुटते. दोन्ही टोके बंद. काही सांडत नाही.

२०१५ मध्ये छापून आलेल्या या कामाने अकरावीतल्या त्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ डोळ्यांना दाखवले. नळीची मान इतकी आवळली जाते की आतल्या समोरासमोरच्या भिंती एकमेकींना टेकतात. आधी आतला थर आतल्या थराशी मिळून जातो, नंतर बाहेरचा बाहेरच्याशी. उघडी कड कुठल्याच क्षणी राहत नाही. करंजीची कड दाबून मग कातण्याने कापतात तसे: आधी सांधा, मग काप.

या प्रयोगशाळेने पुढे एका चालू वादातही माप टाकले. पेशीतले मायटोकॉन्ड्रिया तोडणारे डीआरपी-१ हे डायनॅमिनचे भावंड आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने म्हटले की हे भावंड फक्त आवळते, शेवटचा काप डायनॅमिनच घालते. २०१८ मध्ये पुण्याहून उत्तर गेले: शुद्ध डीआरपी-१ एकटेच नळी आवळते आणि तोडतेही. पुकाडिल यांना त्याच वर्षी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. डायनॅमिनचे वेटोळे नेमके कसे तोडते, यावरही पंथ आहेत. काही म्हणतात ते फासासारखे आवळते, काही म्हणतात स्प्रिंगसारखे ताणले जाते, काहींच्या मते निर्णायक क्षण वेटोळे सुटू लागते तो असतो. जिवंत पेशीत या कामाला लांबलचक पीळ लागत नाही, पंचवीस-तीस रेणूंचे एखादे वेढेही पुरते, असे अलीकडची मोजमापे सांगतात. माझा कल तिसऱ्या पंथाकडे आहे, हे वाचकाच्या लक्षात आलेच असेल.

आता बाजू उलटवू. डायनॅमिन मानेला बाहेरून वेढते. पण फुगवटा पेशीच्या बाहेरच्या दिशेला निघत असेल तर मानेला बाहेरून धरायला पेशीचा हातच पोहोचत नाही. पेशीतली प्रथिने मानेच्या आत असतात. बटव्याची नाडी बटव्याच्या आत बसून ओढायची, असा हा पेच. त्यासाठी एस्कर्ट नावाची प्रथिनमंडळी आहे. १९८० च्या दशकापासून यीस्टच्या बिघडलेल्या वाणांवर काम करत २००१-०२ मध्ये स्कॉट एमर यांच्या गटाने ती उकलली. तिचा तिसरा संच मानेच्या आतल्या अंगाने नागमोडी तंतू विणतो, मान आत खेचतो, आणि व्हीपीएस-४ नावाचे यंत्र इंधन जाळून तो तंतू रेणू-रेणूने उसवत नेते. हे उसवणे बंद पाडले की तंतू तसाच अडकून बसतो आणि काप होत नाही. म्हणजे इथे सोडणे हाच तोडण्याचा मार्ग आहे.

२००१ मध्येच कळले की एचआयव्ही विषाणू हीच मंडळी पळवतो. पेशीतून बाहेर पडताना शेवटची मान तोडायला त्याच्याकडे स्वतःचे काहीच नसते. तो एस्कर्टला बोलावून घेतो. व्हीपीएस-४ निकामी केले की विषाणू पेशीला फळासारखे लटकून राहतात, गळून पडत नाहीत. २००७ मध्ये दिसले की आपल्या पेशी दुभंगताना शेवटचा दुवाही एस्कर्टच तोडते. २००८ मध्ये उकळत्या झऱ्यांत राहणाऱ्या आर्किया या सूक्ष्मजीवांतही तिचे नातलग सापडले, २०१४ मध्ये ती फाटलेले पटल शिवते हे दिसले, २०१५ मध्ये केंद्रकाच्या आवरणातली भोके बुजवते हे. २०२१ मध्ये तर जीवाणूंमधली दोन प्रथिने याच कुळातली ठरली. अवघ्या वीस वर्षांत यीस्टमधली एक अडगळीतली बाब जीवसृष्टीच्या मुळाशी जाऊन पोहोचली. हा नागमोडी तंतू आपल्याहून, झाडांहून, बुरशीहूनही जुना आहे.

चौथे घराणे, गणितवाल्यांचे, मी इथे थोडक्यात उरकतो. पुस्तकात त्याला भरपूर जागा आहे. त्यांनी विचारले की तंतू पटलाला आकार देतो की पटलाचा आकार पाहून तंतू तिथे येतो. उत्तर ‘दोन्ही’ असे आले. विळ्यासारख्या वाकलेल्या बार प्रथिनांची रचना २००४ मध्ये केंब्रिजहून आली, तेव्हा ही वक्रता जाणणारी आणि वक्रता घडवणारी अशी दुहेरी भूमिका लोकांनी प्रत्यक्ष पाहिली.

जीवाणूंचे तंतू हा आपल्या देशासाठी सगळ्यांत तातडीचा भाग आहे. जीवाणू दुभंगताना मधोमध एफटीएस-झेड नावाच्या प्रथिनाचे कडे बांधतो. ते १९९१ मध्ये दिसले. हे कडे एका जागी थिजलेले नसते. एका टोकाला रेणू जोडले जातात, दुसऱ्या टोकाला गळतात, आणि त्यामुळे तंतू पटलावर सरकत राहतो. त्याच्या मागोमाग नवी भिंत बांधली जाते. कडे जुळू दिले नाही की जीवाणू दुभंगत नाही, नुसता लांबत जातो आणि मरतो. आयआयटी मुंबईत दुलाल पांडा यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले की हळदीतले कर्क्युमिन हे कडे जुळू देत नाही. यावरून हळद खाऊन क्षय बरा होतो असे कोणी काढू नये. हळदीतून आतड्यांवाटे रक्तात फारच थोडे कर्क्युमिन पोहोचते. महत्त्वाचे ते हे की नव्या प्रतिजैविकाने कुठे घाव घालायचा ती जागा कळली. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, जुनी औषधे निकामी होत चालली आहेत, आणि क्षयाच्या जीवाणूलाही दुभंगताना हेच कडे लागते. या कड्यावरचे औषध अजून दुकानात आलेले नाही.

आता सिकलसेलबद्दल. काटेकोर तज्ज्ञ म्हणतील की हा तंतू पटलावर जुळत नाही, पेशीच्या पोटात जुळतो. मग या पुस्तकात तो कशाला? मी लेखिकेच्या बाजूचा आहे. महाराष्ट्रात तंतूने पटलाचे केलेले नुकसान पाहायचे तर प्रयोगशाळेत जायची गरज नाही, नंदुरबार आणि गडचिरोलीसह विदर्भातल्या घरांत ते दिसते. १९४९ मध्ये पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूचा आजार आहे असे दाखवले. साखळीतला सहावा दुवा बदलला एवढाच फरक. प्राणवायू सुटला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, चौदा पदरी कडक दोर होतो आणि बशीसारखी मऊ रक्तपेशी आतून ढकलून विळ्यासारखी करतो. फुप्फुसात प्राणवायू मिळाला की दोर विरघळतो, पेशी पुन्हा बशी होते. पण हे वारंवार घडले की पटलाखालची स्पेक्ट्रिन या प्रथिनाची जाळीच वाकते. मग आतला दोर विरघळला तरी पेशी विळाच राहते. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली. २०२३ मध्ये देशपातळीवर निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. मधल्या पासष्ट वर्षांत किती मुले सांधेदुखीच्या गोळ्या खात वाढली, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

तंतूच्या आजारांचे दुसरे टोक स्नायूंच्या एका दुर्मीळ आजारात दिसते. २००५ मध्ये त्याचे कारण डायनॅमिन-२ मधला बदल असल्याचे कळले. सगळ्यांची अपेक्षा होती की प्रथिन कमजोर झाले असेल. निघाले उलटेच: बदललेले डायनॅमिन जास्त घट्ट जुळते आणि वेळेवर सुटत नाही.

हा विषय आत्ताच मराठीत का हवा? करोनाच्या काळात मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांतून एमआरएनए लसी आल्या; पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या अशा लशीला जून २०२२ मध्ये परवानगी मिळाली. तो मेदगोळा पेशीत शिरतो तो बऱ्याचदा क्लॅथ्रिनच्या खळग्यांच्या वाटेने. लस घेणाऱ्याला ती वाट आपल्या भाषेत वाचता आली पाहिजे. मराठीला या विषयासाठी शब्द उसने आणावे लागत नाहीत, हेही मला या पुस्तकाने पटवले. पीळ, वेढे, वेटोळे, कडे, जाळी, फास, नाडी, उसवणे, मुरडणे: दोरीशी आणि विणकामाशी जगणे जोडलेल्या भाषेत तंतूंचे प्रत्येक रूप आधीच सांगितलेले आहे. लेखिकेने प्रथिनांची नावे आहेत तशी ठेवली आणि क्रियापदे घरची वापरली. हा निर्णय मला योग्य वाटतो. सगळ्याच नावांना संस्कृत प्रतिशब्द घडवले असते तर आमची मुले ते पाठ करण्यातच थकली असती.

पुस्तकाने सर्वज्ञतेचा आव आणलेला नाही. एक पेशी घ्यायची आणि तिच्या पटलावर जिथे जिथे बांधणे-सोडणे चालते तिथे थांबायचे, असा त्याचा बेत आहे. जिथे पंथ आहेत तिथे पंथ आहेत असेच सांगितले आहे. माझी तक्रार एकच: सेप्टिन या तंतूंना फार थोडी पाने मिळाली. कळी धरणाऱ्या यीस्टच्या मानेभोवतीची ती कडी १९७६ पासून माहीत आहेत, आणि शिगेलासारख्या जुलाबाच्या जीवाणूला ती पिंजऱ्यात कोंडतात हेही २०१० मध्ये दिसले आहे. दुसऱ्या आवृत्तीत ही भरपाई व्हावी.

माजलगाव, धारूर, केज, अंबाजोगाईच्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. हे पुस्तक वाचायला घेण्याआधी रिओच्या सालीचा प्रयोग पुन्हा एकदा करा, आणि या वेळी गोळा सरकत असताना घड्याळाकडे न बघता त्याच्या कडेकडे बघत राहा. जो प्रश्न पडेल तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा आणि वर्गात मोठ्याने विचारा. शिक्षकांना उत्तर आले नाही तरी विचारा. कॉलेजात रिओ नसेल तर एक रोप आणून दाराशी लावा. ते कुंडीत वाढते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात थोड्या पाण्यावर तगते.

तेलगाव, जि. बीड